भाकरी, बेडी आणि भेट : तुरुंगात कैद्यांकडून पैसे कसे उकळले जायचे? दौलताबाद ते अंदमान, आणि आजचा कायदा

दौलताबादचा किल्ला बघायला येणारा प्रत्येक जण अंधारीत शिरताना एकच प्रश्न विचारतो, "इथं कैदी ठेवायचे का?" उत्तर आहे, नाही. अंधारी हा तुरुंग नाही. खंदक ओलांडून आलेल्या शत्रूला काळोखात चकवायचं आणि गाठून मारायचं, यासाठी केलेली ती भुयारी वाट आहे. पण किल्ल्यात कैदी होते, हे मात्र खरं. मेंढा तोफेच्या जवळ जो चिनी महाल दिसतो, तिथं गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत होता. १६८७ मध्ये औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला आणि त्याला इथं आणून ठेवलं. पुढचं सगळं आयुष्य त्याचं इथंच गेलं. त्याची कबर खुलताबादला आहे.

तानाशाहला खर्चासाठी वर्षाला ५० हजार रुपये नेमून दिले होते. राजा कैदेत असला तरी राजाच.

साध्या कैद्याचं काय व्हायचं, ते त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी आलेल्या एका प्रवाशानं लिहून ठेवलं आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी मुहम्मद तुघलकाच्या काळात दिल्लीहून निघून दौलताबादला आला होता. इथल्या किल्ल्यात मोठ्या गुन्ह्यांचे कैदी खड्ड्यासारख्या कोठड्यांत टाकतात आणि तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे आहेत, असं तो सांगतो. खत्ताब नावाच्या एका अफगाण सरदाराला तिथं टाकलं होतं. रात्री उंदीर अंगावर यायचे आणि तो त्यांच्याशी झुंजायचा, ही हकीकत त्यानं स्वतः बतूताला सांगितली. त्याची सुटका कशी झाली? शेजारच्या खड्ड्यातला दुसरा सरदार आजारी पडला, उंदरांनी त्याची बोटं आणि डोळे खाल्ले, तो मेला. ही बातमी सुलतानाच्या कानावर गेली, तेव्हा याला बाहेर काढायचा हुकूम आला.

थोडक्यात, जुन्या काळी कैद्याचं जगणं-मरणं एकाच माणसाच्या मर्जीवर होतं. इंग्रज आल्यावर तुरुंगाला कायदा आला, वही आली, वजनकाटा आला. पण मर्जी गेली नाही. ती फक्त वरून खाली सरकली, आणि तिथंच पैसे उकळायची सोय झाली. कशी, ते समजून घेऊ, कारण त्या कायद्याची सावली आजही आपल्यावर आहे.

आधी विलायतेतली गोष्ट

इंग्रजांच्या स्वतःच्या देशात तुरुंगाधिकाऱ्याला बहुतेक ठिकाणी पगारच नसायचा. तो कैद्यांकडून फी घ्यायचा आणि त्यावर जगायचा. आत यायची फी, बेडी हलकी करायची फी, बाहेर जायची फी. १७७३ मध्ये जॉन हॉवर्ड हा गृहस्थ बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. न्यायालयानं निर्दोष सोडलेली माणसंही जेलरची फी भरता येत नाही म्हणून आतच अडकून पडली आहेत, असं त्याला दिसलं. त्यानं गावोगावचे तुरुंग पालथे घातले, पार्लमेंटपुढे साक्ष दिली आणि १७७४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांकडून अशी फी घ्यायला बंदी करणारा कायदा झाला.

म्हणजे ज्या काळात कंपनी सरकार हिंदुस्थानात आपलं बस्तान बसवत होतं, त्याच काळात तिकडे "जेलरनं कैद्याकडून पैसे घेणं चुकीचं आहे" हे नुकतंच ठरत होतं.

कंपनीचे तुरुंग : रोजचे पैसे आणि आतला वाणी

उत्तर हिंदुस्थानातल्या कंपनीच्या तुरुंगांत सुरुवातीला कैद्यांना शिजवलेलं अन्न मिळत नसे. रोजचे काही पैसे हातात द्यायचे आणि ज्याचं त्यानं सामान घेऊन रांधायचं, अशी पद्धत. वाचायला बरी वाटते. पण विचार करा, कैदी बाजारात कसा जाणार? सामान आणणारा ठरलेला, भाव त्याचा, माप त्याचं, आणि मधे उभा असलेला शिपाई. दोन पैशांतले किती पैसे पोटात जातील, हे कैद्याच्या हातात नव्हतं.

मेकॉलेनं १८३५ मध्ये सुचवल्यावरून तुरुंगांच्या चौकशीसाठी एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १८३८ मध्ये आला. त्यात तीन दुखणी नेमकी सांगितली होती. खालच्या नोकरांची लाचखोरी, ढिली शिस्त, आणि कैद्यांना बाहेर रस्त्याच्या कामावर नेण्याची पद्धत. लाचखोरी कागदावर आली ती अशी, सरकारच्याच समितीच्या तोंडून.

पण उपाय काय निघाला? समितीचा सगळा भर तुरुंग अजून कडक करण्यावर. कैद्याला भिंतीच्या आत ठेवा, एकसुरी कष्टाचं काम द्या, सवलती काढा. मग रोजचे पैसे बंद होऊन एकत्र स्वयंपाक सुरू झाला. जातपात बाटेल या भीतीनं कैद्यांनी त्याला जोरदार विरोध केला. १८५५ मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूरला तर पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली म्हणून गावच्या गाव तुरुंगावर चालून आलं होतं.

यातली मेख अशी की लाच घेणारा माणूस तसाच राहिला. उलट जितकी सवलत दुर्मीळ, तितका तिचा भाव जास्त. तंबाखूला बंदी झाली आणि तंबाखू तुरुंगातलं नाणं बनली.

कैदीच कैद्यांचा मुकादम

पगारी शिपाई ठेवायला खर्च येतो. म्हणून इंग्रज सरकारनं एक स्वस्त युक्ती काढली. जुन्या कैद्यांतूनच काही जणांना वर चढवायचं. आधी रात्रीचा पहारेकरी, मग मुकादम, मग वॉर्डर. अंदमानात त्यांची नावं वेगळी होती : वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडल, जमादार. काम एकच, बाकीच्या कैद्यांवर नजर ठेवायची आणि काम काढून घ्यायचं.

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर शेताची राखण दुसऱ्याच्या उपाशी बैलाकडे दिली.

अंदमानच्या सेल्युलर जेलची हकीकत मराठी वाचकाला माहीत आहे ती मुख्यतः वि. दा. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' मधून. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर जुलै १९११ मध्ये तिथं पोचले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीच तिथं होते. बंगालच्या बारींद्रकुमार घोष यांनीही आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. दोघांच्या लिखाणातून एक गोष्ट स्पष्ट दिसते : गोऱ्या जेलरपेक्षा, म्हणजे डेव्हिड बारीपेक्षा, रोजचा त्रास या कैदी-अधिकाऱ्यांचा होता. बारी दिवसातून एकदा दिसायचा. पेटी ऑफिसर चोवीस तास डोक्यावर.

त्याच्या हातात काय काय होतं, ते बघा. कोलूवर खोबऱ्याचं तेल गाळायचं, रोजचं ठरलेलं माप ३० पौंड. आजच्या हिशेबानं साडेतेरा किलोच्या वर. माप भरलं की नाही, हे सांगणारा तोच. काथ्या कुटायला कोरडं सोडण मिळेल की चिवट, हे ठरवणारा तोच. भातावर किती कालवण पडेल, कुणाला शौचाला कधी जाऊ द्यायचं, कोण कुणाशी बोलला म्हणून वर कळवायचं, सगळं त्याच्याकडे. अशा माणसाला खूश ठेवायला कैदी काय देणार? तंबाखू. आपल्या वाटणीतला घास. आणि असले तर पैसे.

कैद्याकडे पैसे कुठून, असा प्रश्न पडेल. सराईत गुन्हेगार घशात शिशाची गोळी महिनोन् महिने धरून ठेवून आत एक खळगी तयार करायचे आणि त्यात नाणी लपवायचे. हे ऐकीव वाटेल, पण त्या काळच्या इंग्रज डॉक्टरांनीही अशी उदाहरणं नोंदवली आहेत. माणूस गळ्याला भोक पाडून नाणं लपवतो, म्हणजे आत त्या नाण्यानं काय काय विकत मिळत असेल, याचा अंदाज यावा.

गांधीजी १९२२ ते १९२४ पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. सुटल्यावर लिहिलेल्या तुरुंगातल्या अनुभवांत त्यांनीही या कैदी-वॉर्डर पद्धतीवर लिहिलं आहे. त्याच्या थोडं आधी, १९१९-२० मध्ये, सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय तुरुंग समिती फिरली होती. तिनंही या पद्धतीचे दोष मांडले आणि अंदमानला कैदी पाठवणं बंद करावं, अशी शिफारस केली.

१८९४ चा कायदा : लिहिलं होतं सगळं, पण...

आता कायद्याकडे येऊ. १८९४ चा तुरुंग कायदा, म्हणजे प्रिझन्स ॲक्ट. हा वाचला तर वाटेल की सरकारनं चोख बंदोबस्त केला होता.

कलम ९ म्हणतं, तुरुंगाच्या कोणत्याही अधिकाऱ्यानं कैद्याला काही विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, त्याच्याशी पैशाचा कसलाही व्यवहार करायचा नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्यामार्फतही नाही. कलम १० म्हणतं, तुरुंगाला माल पुरवायच्या ठेक्यात अधिकाऱ्याचा हिस्सा असता कामा नये. कलम २३ नं कैद्यांतून नेमलेल्या मुकादम-वॉर्डरलाही लोकसेवक ठरवलं. म्हणजे त्यानं पैसे घेतले तर तीही लाचच.

कागदावर अजून काय पाहिजे?

पण पुढची कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा. कलम ५४ प्रमाणे जेलर किंवा त्याच्या हाताखालच्या माणसानं कर्तव्यात कसूर केली, तर शिक्षा जास्तीत जास्त २०० रुपये दंड किंवा ३ महिने कैद, किंवा दोन्ही. तीही मॅजिस्ट्रेटपुढे खटला चालून दोष सिद्ध झाला तर. उलट कैद्यानं तुरुंगातला गुन्हा केला, तर कलम ४६ प्रमाणे अधीक्षक स्वतःच शिक्षा देऊ शकत होता, बेड्यांपासून ३० फटक्यांपर्यंत. कोर्ट नाही, वकील नाही.

आणि तुरुंगातले गुन्हे कोणते? कलम ४५ मधल्या यादीत एक गुन्हा असा आहे : अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या कैद्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणं.

इथं सगळं गणित उलगडतं. समजा मुकादमानं तुमच्याकडून पैसे मागितले. तक्रार कुणाकडे? जेलरकडे किंवा अधीक्षकाकडे. साक्षीदार कोण? दुसरे कैदी, तेही त्याच मुकादमाच्या हाताखालचे. आरोप शाबीत झाला नाही, तर तो "खोटा" ठरवणार कोण? अधीक्षकच. मग फटके कुणाला? तक्रार करणाऱ्याला. अशा ठिकाणी शहाणा माणूस तक्रार करत नाही, पैसे देतो. म्हणून इंग्रजी तुरुंगांतल्या या वसुलीबद्दल "आरोप" भरपूर सापडतात, समित्यांचे शेरे सापडतात, पण त्या मानानं शिक्षा झालेले अधिकारी कमी दिसतात. आरोप कच्चे होते असं नाही. ते सिद्ध व्हायला जागाच ठेवली नव्हती.

तुरुंगाच्या भीतीवर बाहेरची वसुली

दौलताबाद, खुलताबाद, कन्नड, वैजापूर हा आपला सगळा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. औरंगाबादला निजामी सरकारचा मध्यवर्ती तुरुंग होता. गोदावरी ओलांडली की नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथल्या शेतकऱ्याला तुरुंगाचा वेगळाच अनुभव होता.

सावकारानं कोर्टातून हुकूमनामा आणला की कर्ज न फेडणाऱ्या शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता यायचं. त्याच्या जेवणाचा भत्ता सावकारानं भरायचा. सावकार काही वेडा नव्हता, रोज भत्ता भरून माणूस आत बसवून त्याला काय मिळणार? त्याला हवी होती ती भीती. पकड वॉरंट दाखवलं की कुणबी नवा कर्जरोखा लिहून द्यायचा, वाढीव रकमेचा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा पेटला, तो नगर जिल्ह्यातही पसरला, लोकांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे काढून जाळले. नंतर बसलेल्या चौकशी आयोगापुढे ही तुरुंगाची धास्तीही आली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणं बंद झालं. निजामाच्या हद्दीतल्या शेतकऱ्याला या कायद्याचा फायदा अर्थातच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर : तिहारमधून आलेलं पत्र

१९४७ आलं, आपल्याकडे १९४८ आलं, पण १८९४ चा कायदा तसाच चालू राहिला.

१९७९ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगातून सुनील बत्रा नावाच्या कैद्यानं सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःसाठी नाही. एका वॉर्डरनं दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला आहे आणि तोही कैद्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे काढण्यासाठी, असं त्यात होतं. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. डॉ. य. शं. चितळे आणि मुकुल मुद्गल या दोन वकिलांना न्यायालयाचे मित्र म्हणून नेमून थेट तुरुंगात पाठवलं. कैद्याला भेटा, कागद बघा, साक्षी घ्या. जखम खरी निघाली. प्रकरण दाबायचे प्रयत्नही उघड झाले.

२० डिसेंबर १९७९ चा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा हा निकाल महत्त्वाचा का? कारण त्यानं दुखण्याच्या मुळाला हात घातला. कैद्याची तक्रार तुरुंगाच्या दाराबाहेर गेली पाहिजे, असं त्यानं ठरवलं. तक्रारपेटी ठेवा. जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटावं, तक्रारी ऐकाव्यात. वकिलाला कैद्याशी खासगीत बोलू द्यावं. कैद्याला त्याचे हक्क सांगणारी पुस्तिका त्याला समजेल अशा भाषेत द्यावी.

तीन वर्षांनी असंच पत्र मुंबईहून गेलं. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या महिला कैद्यांशी बोलून कोठडीतल्या मारहाणीबद्दल सुप्रीम कोर्टाला लिहिलं. त्या चौकशीत अजून एक गोष्ट बाहेर आली. दोन परदेशी महिला कैद्यांना एका वकिलानंच फसवलं होतं, फीच्या नावाखाली त्यांचे दागिने आणि सामान दाबून ठेवलं होतं. १९८३ च्या या निकालानं अटक झालेल्या गरीब माणसाची माहिती लगेच विधी साहाय्य समितीला द्यायची, असा आदेश दिला.

अलीकडचं बघायचं तर ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. जात बघून तुरुंगातलं काम वाटायची जुन्या नियमावल्यांमधली कलमं घटनाबाह्य ठरली. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा, हे इंग्रजी काळापासून जातीवर चालत आलं होतं. पारधी वगैरे विमुक्त समाजांना जन्मतःच गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींनाही त्यात चाप बसला. केंद्रानं २०२३ मध्ये १८९४ च्या जागी नवा नमुना कायदा राज्यांना दिला आहे.

आज घरातलं कुणी आत असेल तर

वेळ कुणावरही येते. बांधाच्या भांडणातसुद्धा माणूस आत जातो. घरचे घाबरतात आणि नेमकं तेव्हाच गेटवर, कोर्टाच्या आवारात किंवा फोनवर कुणीतरी भेटतो, "साहेबांना सांगून सोय करतो" म्हणणारा. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा.

कैद्याला भेटायला पैसे लागत नाहीत. ओळखपत्र घेऊन जायचं, नोंद करायची. ई-मुलाकात या सरकारी पोर्टलवरूनही भेटीची वेळ मागता येते. कॅन्टीनसाठी पैसे द्यायचे असतील तर ते कैद्याच्या खात्यावर, नोंदीसह. कुणाच्या हातात किंवा कुणाच्या फोन पे वर नाही.

वकील करायची ऐपत नसेल तर अडून बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं. फोन नंबर १५१००.

खटला रखडला असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ विचारा. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाचा मार्ग आहे, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले असलेल्यांना हे लागू नाही. पण जो बसतो त्याच्यासाठी कोर्टाला लेखी कळवणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम आहे. त्यासाठी कुणाला "चहापाणी" द्यायचं नसतं.

कुणी पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. देण्याआधी फोन करा. आणि देऊन बसला असाल तर? २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यावरही गुन्हा आहे, पण जबरदस्तीनं द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून तारीख, वेळ आणि कुणी मागितले ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

आतल्या माणसाला तक्रार करायची असेल तर ती प्राधिकरणाकडून येणाऱ्या वकिलाकडे किंवा भेटीला येणाऱ्या न्यायाधीशांकडे करता येते. घरच्यांनी जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या नावानं किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर कार्यालयात जाऊन तोंडी सांगा, तिथं तो लिहून घेतात.